घरातल्या माणसाचा खून झाल्यानंतर: महाराष्ट्रातील कुटुंबीयांसाठी हक्क, अर्ज आणि मदतीचे मार्गदर्शन

खुनाचा खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असा चालतो. त्यामुळे, आता सगळे पोलीस आणि सरकारी वकील पाहतील, आपण फक्त बोलावल्यावर साक्षीला जायचे, असा बहुतेक कुटुंबांचा समज होतो. कायद्याची स्थिती तशी नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २ मधील 'पीडित' या व्याख्येत पीडिताचे पालक किंवा कायदेशीर वारस यांचाही समावेश आहे, आणि या एका व्याख्येमुळे तपासाची माहिती मागण्यापासून ते निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्यापर्यंतचे अनेक हक्क मृताच्या आई-वडिलांना, पत्नीला, पतीला आणि मुलांना मिळतात. मात्र हे हक्क आपोआप दारात येत नाहीत. ते जवळजवळ प्रत्येक वेळी लेखी अर्ज करून मागावे लागतात. दुःखाच्या काळात कुटुंबाला हे सांगणारे कोणी सहसा भेटत नाही, म्हणून कोणत्या वेळी कोणता अर्ज कोणाकडे करायचा हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी एक तारीख लक्षात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्या दिवशी किंवा त्यानंतर घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. त्याआधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ लागते, आणि त्या तारखेला चालू असलेले तपास व खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पुढे जातात. या लेखात, वेगळे सांगितले नसेल तेथे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची कलमे दिली आहेत. कुटुंबीयांचे मुख्य हक्क जुन्या कायद्यातही होते, कलमांचे क्रमांक तेवढे वेगळे आहेत.

सर्वांत आधी: एक माणूस, एक फाइल

घरातील किंवा जवळच्या नात्यातील एका शांत डोक्याच्या व्यक्तीने कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी. मृताच्या आईवर किंवा पत्नीवर पहिल्याच दिवशी हा भार टाकू नये. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत करावा, एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती पोच म्हणून जपावी. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज नोंदणीकृत डाकेने पाठवावा. पुढे उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर कुटुंबाने कधी काय मागितले होते हे केवळ या पोचांवरून सिद्ध होते. तोंडी विनंत्यांची नोंद कोठेही राहत नाही.

पहिले दोन दिवस

घटना घरात किंवा शेतात घडली असेल तर पोलीस येईपर्यंत तेथील कोणतीही वस्तू हलवू नये आणि जागा धुऊ नये, कितीही वेदनादायक वाटले तरी. ११२ या क्रमांकावर कळवावे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती राज्यांनी टप्प्याटप्प्याने अमलात आणायची असली तरी कुटुंबाने तशी लेखी विनंती अवश्य करावी.

फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली आहे या कारणास्तव परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करावा लागतो. कामासाठी परजिल्ह्यात किंवा परराज्यात गेलेल्या माणसाच्या बाबतीत ही तरतूद फार उपयोगी पडते. फिर्याद देणाऱ्याला आणि पीडिताला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क कलम १७३ मध्येच दिलेला आहे. सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून घ्यावी, वाचता येत नसेल तर वाचून दाखवण्यास सांगावे. जे पाहिले ते 'पाहिले' असे आणि जे ऐकले ते 'ऐकले' असेच लिहिले गेले आहे ना, याकडे लक्ष द्यावे, कारण उलटतपासणीत सर्वांत जास्त प्रश्न याच फरकावर विचारले जातात.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील आणि केवळ अकस्मात मृत्यूची नोंद करून थांबले असतील, तर आधी पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी. तेथेही दाद मिळाली नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या अर्जासोबत शपथपत्र आणि वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारीची प्रत लागते. पहिल्या पायरीची पोच नसेल तर दुसरी पायरी अडते.

मृतदेहाचा मरणोत्तर पंचनामा कलम १९४ प्रमाणे किमान दोन पंचांसमोर होतो. अंगावरील जखमा, कपडे, दागिने यांची त्यात नोंद होते, म्हणून ओळख पटवण्यासाठी गेलेल्या नातेवाइकाने शक्य असेल तर ती नोंद पाहावी. त्यानंतर शवविच्छेदन होते. संशयास्पद मृत्यूंचे शवविच्छेदन सूर्यास्तानंतर सहसा केले जात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्ये रात्रीच्या शवविच्छेदनाला परवानगी देतानाही खून, आत्महत्या आणि संशयास्पद मृत्यू यांना, कायदा व सुव्यवस्थेची विशेष परिस्थिती वगळता, त्यातून बाहेर ठेवले. त्यामुळे देह ताब्यात मिळण्यास दुसरा दिवस उजाडला तर तेवढ्यावरून कोणी मुद्दाम विलंब करत आहे असा निष्कर्ष काढू नये. पोलिसांनी करवून घेतलेल्या शवविच्छेदनासाठी कुटुंबाला पैसे द्यावे लागत नाहीत.

मृत्यूच्या कारणाबद्दल कुटुंबाला गंभीर शंका असेल तर अग्नी देण्याची घाई करू नये. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे किंवा ते वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाच्या डॉक्टरांच्या पथकाकडून व्हावे, अशी लेखी मागणी तपासी अंमलदाराकडे व रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे आधीच करावी. अंत्यसंस्कार झाल्यानंतर या शंकेचे निरसन करण्याचे मार्ग फार थोडे उरतात. मृत्यू पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात झाला असेल तर कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी बंधनकारक आहे, आणि कुटुंबाने राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करावी.

कागद गोळा करणे

पहिल्या महिन्यात एफआयआरची प्रत, मरणोत्तर पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू प्रमाणपत्र, मृताचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि वारसांची ओळखपत्रे एवढे हाताशी असावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर रुग्णालय ती कळवते, तरी झाली की नाही हे विचारून घ्यावे. शवविच्छेदन अहवालात 'व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने) राखून ठेवला' असे लिहिलेले असेल तर मृत्यूच्या कारणाबद्दलचे अंतिम मत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर मिळते. पोलीस ठाण्यात त्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात आणि त्याला महिने लागू शकतात. विमा कंपनी अंतिम कारण मागत असेल तर तसे पोलिसांचे पत्र घेऊन द्यावे.

मृताचा मोबाइल, दुचाकी, दागिने पोलिसांनी जप्त केले असतील तर ते मुद्देमाल असतात. पुरावा म्हणून ज्यांची गरज नाही अशा वस्तू परत मिळाव्यात यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, आणि न्यायालय हमीपत्र घेऊन त्या ताब्यात देते. घरातली एकमेव दुचाकी पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत राहावी असे कायद्याला अभिप्रेत नाही.

तपास चालू असताना

तपासी अंमलदाराचे नाव, हुद्दा आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक लिहून ठेवावा. कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि ते मोबाइलवरील संदेशाद्वारेही कळवता येते. म्हणून सुरुवातीलाच 'मी मृताची पत्नी असून पीडित या नात्याने तपासाची प्रगती मला या क्रमांकावर कळवावी' असा साधा अर्ज देऊन ठेवावा.

हा अर्ज आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. अनेक खुनांत फिर्याद कुटुंबाची नसते. गस्तीवरचा पोलीस, शेजारी किंवा पोलीस पाटील फिर्यादी असतो. अशा प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात पाठवला, ज्याला आपल्याकडे समरी म्हणतात, तर नोटीस फिर्यादीला जाते. सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या १९८५ च्या निकालात हेच स्पष्ट केले आहे: फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे; मृताच्या नातेवाइकाला नोटीस मिळण्याचा हक्क त्या निकालाने दिला नाही, मात्र तो स्वतः हजर झाला तर त्याचे म्हणणे ऐकले जाते. कुटुंबाला पत्ताच नसेल तर हजर कसे होणार? म्हणून 'या गुन्ह्यात समरी अहवाल दाखल झाल्यास मला कळवावे व माझे म्हणणे ऐकावे' असा अर्ज संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातही देऊन ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे तक्रार खोटी, आणि 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. तिन्हींवर आक्षेप नोंदवता येतो आणि अधिक तपासाची मागणी करता येते.

जबाब देताना काही संरक्षणे आहेत. कोणत्याही वयाची महिला, १५ वर्षांखालील किंवा ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही; पोलिसांनी घरी यावे लागते. पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, पण कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब शपथेवर असतो आणि त्याला अधिक महत्त्व असते. लहान मुलाने घटना पाहिली असेल तर त्याला शेजारी, नातेवाईक, पत्रकार यांच्यासमोर पुन्हा पुन्हा ती सांगायला लावू नये. त्याच्या मनावर त्याचा आघात होतो, आणि पुढे 'याला शिकवले आहे' असा आरोप करायला बचाव पक्षाला वाव मिळतो.

धमक्या येत असतील, मध्यस्थ घरी येऊन बसत असतील, तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ च्या निकालाने ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती अर्जावर निर्णय घेते, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते आणि निकड असेल तर तोपर्यंत तात्पुरते संरक्षण देऊ शकते. धमकीचा प्रत्येक फोन, तारीख, वेळ लिहून ठेवावी. खुनाचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. 'पैसे घ्या आणि केस मागे घ्या' असे सांगणाऱ्याला हे ठामपणे सांगावे, कारण केस मागे घेण्याचा अधिकार कुटुंबाला नसतोच, आणि शपथेवर खोटे बोलल्यास साक्षीदार स्वतः अडचणीत येतो. सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तरी कलम ३६० प्रमाणे पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही.

पैशाची मदत: कोठून आणि कशी

याबाबत कुटुंबांना सर्वांत कमी माहिती असते आणि मुदती मात्र लवकर संपतात. कमावता माणूस गेल्यावर दहाव्या दिवशीच घरभाडे आणि शाळेची फी समोर उभी राहते, म्हणून मदत मागण्यात कोणताही कमीपणा मानू नये. नुकसानभरपाई घेतल्याने खटल्यावर काहीही परिणाम होत नाही.

पहिला दरवाजा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि तेथील सचिव हे न्यायाधीश असतात. कलम ३९६ खाली राज्याने पीडित नुकसानभरपाई योजना करायची असते. महाराष्ट्राची योजना २०१४ ची आहे. न्यायालय शिफारस करू शकतेच, पण आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही तरीही मृताचे अवलंबित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. 'आधी आरोपीला शिक्षा होऊ द्या, मग या' असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करून निर्णय द्यावा असे कायदा सांगतो आणि तातडीची गरज असेल तर अंतरिम मदतही मागता येते. मृत व्यक्ती महिला असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेचाही अर्जात उल्लेख करावा. तिच्यात जीवितहानीसाठी किमान ५ लाख आणि कमाल १० लाख रुपये ठरवलेले आहेत. अर्जात अवलंबितांची वये, मृताचे उत्पन्न, उपचारांचा व अंत्यविधीचा खर्च आणि मुलांच्या शिक्षणाची स्थिती स्पष्ट लिहावी.

मृत व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि गुन्ह्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागला असेल, तर हक्क बरेच अधिक आहेत. नियमांत २०१६ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार खुनासाठी ८ लाख २५ हजार रुपये मिळतात, त्यांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि उरलेली दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. त्याशिवाय विधवेला किंवा अन्य अवलंबिताला महागाई भत्त्यासह दरमहा ५ हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन, कुटुंबातील एकाला रोजगार, शेतजमीन किंवा घर, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च आणि तीन महिन्यांचे धान्य व भांडी अशी तरतूद नियमांच्या परिशिष्टात आहे. यातील रोख रक्कम बहुधा मिळते, पण पुनर्वसनाचा भाग मागितल्याशिवाय हलत नाही. म्हणून जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण विभागाचे सहायक आयुक्त या दोघांनाही प्रत्येक बाबीचा वेगळा उल्लेख करून अर्ज द्यावा. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि याच कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक सुनावणीची पूर्वसूचना कुटुंबाला मिळाली पाहिजे. एफआयआरमध्ये हा कायदा लावलेला नसेल तर जातीचा दाखला जोडून तो लावण्याची लेखी मागणी लगेच करावी. मदतीसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

शेतकरी कुटुंबांनी एक योजना विशेष लक्षात ठेवावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतील अपघातांच्या यादीत खुनाचा समावेश आहे आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यावा. 'अपघात' या नावामुळे अनेकांना ही योजना आपल्यासाठी नाही असे वाटते आणि ती मुदत निघून जाते. तसेच बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत आत्महत्येला संरक्षण नाही, पण खुनाने झालेल्या मृत्यूला आहे. रक्कम २ लाख रुपये. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे आणखी २ लाख असतात. म्हणून मृताच्या प्रत्येक बँक खात्याचे पासबुक तपासून असे हप्ते कापले गेले आहेत का ते पाहावे. नोकरदार व्यक्तीच्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्यात कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते आणि कुटुंब निवृत्तिवेतनही सुरू होते.

दोन प्रसंग वेगळे आहेत. लोकलमध्ये, रेल्वेगाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत हिंसक हल्ल्यात प्रवाशाचा मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याप्रमाणे तो अनुचित घटनेत मोडतो आणि रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाख रुपयांचा दावा एका वर्षाच्या आत करता येतो. तिकीट किंवा पास जपून ठेवावा. रिक्षा किंवा टॅक्सीचालकाचा वाहन लुटण्यासाठी खून झाला असेल तर रिटा देवी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या निकालाच्या आधारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दावा दाखल होऊ शकतो. हे वकिलाच्या लक्षात आणून द्यावे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात, आणि निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १५०० रुपये. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात करावेत.

खून घरातल्याच माणसाने केला असल्याचा आरोप असेल तर पैशाचा प्रश्न अधिक नाजूक होतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणारा किंवा त्याला साहाय्य करणारा मृताचा वारस होऊ शकत नाही. विम्यात किंवा बँकेत आरोपीचेच नाव नामनिर्देशित असेल तर एफआयआरची प्रत जोडून त्या संस्थेला ताबडतोब लेखी कळवावे, म्हणजे रक्कम परस्पर दिली जाणार नाही.

मुले आणि मन

वडिलांनी आईला मारले आणि वडील तुरुंगात गेले, अशा घरातील मुले एका दिवसात दोघांना मुकतात. अशा वेळी नातेवाइकांनी मुलांना आपापसांत वाटून घेण्याआधी बाल कल्याण समितीपुढे जावे. भावंडे एकत्र राहावीत, शाळा बदलू नये आणि आरोपीच्या बाजूच्या नातेवाइकांचा साक्षीदार मुलावर दबाव येऊ नये, यासाठी समिती आदेश देऊ शकते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून प्रत्येक मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. एक पालक गमावलेली मुलेही पात्र ठरू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा. बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

झोप न लागणे, प्रत्येक आवाजाला दचकणे, 'मी त्या दिवशी त्याला जाऊ दिले नसते तर' हा विचार न थांबणे, हे हिंसक मृत्यूनंतर अनेकांना होते आणि प्रत्येक तारखेच्या आधी ते पुन्हा वाढते. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सल्ला सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जावे. घरातले पुरुष 'आम्हाला काही झालेले नाही' असे म्हणत राहतात. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

न्यायालयात

फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ७५ व्या दिवसाच्या सुमारास तपासी अंमलदाराला त्याबद्दल लेखी विचारणा करावी. दोषारोपपत्राची प्रत आता वकील नेमलेल्या पीडितालाही मिळते. कलम २३० मध्ये तशी तरतूद आहे. खटला न्यायदंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो. तेथील प्रकरणाचा सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांक मिळवून ई-कोर्ट्सच्या मोबाइल अॅपवर घातला की पुढची तारीख घरबसल्या कळते.

सरकारी वकिलाला मदत करण्यासाठी कुटुंब न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील नेमू शकते. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करूनही अर्ज करता येतो. या वकिलाच्या मर्यादा मात्र आधीच समजून घ्याव्यात, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. तो सरकारी वकिलाच्या सूचनांप्रमाणे काम करतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानुसार सरकारी वकिलाची जागा घेऊन स्वतंत्रपणे साक्षीदार तपासण्याचा अधिकार त्याला नाही. प्रकरण फार गुंतागुंतीचे असेल तर विशेष सरकारी वकील नेमण्याची मागणी शासनाच्या विधी व न्याय विभागाकडे करता येते.

जामिनाच्या सुनावणीत मात्र कुटुंबाचा आवाज स्वतंत्र आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०२२ रोजी सांगितले की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, आणि तो डावलून दिलेला जामीन त्या निकालाने रद्द झाला. त्यामुळे जामीन अर्ज दाखल झाल्याचे कळताच हस्तक्षेप अर्ज द्यावा. त्यात केवळ दुःख मांडू नये. धमकीच्या तक्रारी, आरोपीचे साक्षीदारांच्या गावात राहणे, पूर्वीचे गुन्हे अशा ठोस बाबी पुराव्यासह मांडाव्यात.

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून आपला जबाब पुन्हा वाचून घ्यावा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असे सांगावे. दूरवरून येणाऱ्या साक्षीदाराला न्यायालयाकडून भत्ता मिळू शकतो, तो मागावा. न्यायालयाच्या आवारात आरोपीच्या माणसांसोबत बसावे लागू नये म्हणून पैरवी अधिकाऱ्याला (न्यायालयात खटल्याचे काम पाहणाऱ्या पोलिसाला) किंवा सरकारी वकिलांना आधी सांगून वेगळ्या बसण्याची सोय करून घ्यावी.

या सगळ्याला किती काळ लागेल याचे उत्तर कोणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि विशेष न्यायालयाचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. त्या काळात कुटुंबीयांनी उच्च न्यायालयात जाऊन तपासावर देखरेख मागितली आणि मिळवली, आणि सुटकेविरुद्ध अपीलही केले. प्रत्येक कुटुंबाला तेवढे बळ गोळा करता येत नाही, हे मान्य आहे. पण यातील प्रत्येक मार्ग साध्या शेतमजुराच्या कुटुंबालाही विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत तितकाच खुला आहे.

निकालानंतर

शिक्षा ठोठावताना न्यायालय कलम ३९५ खाली आरोपीकडून भरपाईचा आदेश देऊ शकते. अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र शासन या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे आणि त्याची कारणे नोंदवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. तरीही आपल्या वकिलामार्फत तशी लेखी मागणी द्यावी. आरोपी निर्दोष सुटला, पण कुटुंबाचे पुनर्वसन गरजेचे असेल, तर न्यायालय विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस करू शकते. हीही मागणी निकालाच्या वेळीच करावी.

आरोपी सुटला, खुनाऐवजी कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली गेली, तर कलम ४१३ प्रमाणे कुटुंबाला स्वतःचे अपील करता येते. त्यासाठी सरकारच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही आणि मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणातील २०१८ च्या निकालानुसार न्यायालयाची पूर्वपरवानगीही लागत नाही. शिक्षेची मुदत कमी वाटते एवढ्याच कारणावर मात्र कुटुंब अपील करू शकत नाही. त्यासाठी शासनाने अपील करावे असा अर्ज सरकारी वकिलांमार्फत द्यावा लागतो.

सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयात होते: मुंबईचे मुख्य पीठ, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठे, तसेच गोव्यातील प्रकरणांसाठी पर्वरी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे तेथील कुटुंबांना आता मुंबईला जावे लागत नाही. उच्च न्यायालयातील विधी सेवा समितीकडून अपिलासाठीही विनामूल्य वकील मिळतो. निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा आणि अपील साठ दिवसांच्या आत दाखल करण्याच्या तयारीला लागावे.